मयताच्या अंगावरच्या खुणा

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन तालुके. इकडे माहुली आणि तानसाचं जंगल, तिकडे माळशेज घाट आणि सह्याद्रीची रांग. सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून माझ्या नोकरीची बरीच वर्षं याच भागात गेली. ताप, खोकला, बाळंतपणं, विंचू चावलेले, कुत्रा चावलेले ही रोजची ओपीडी. आणि दवाखान्याच्या आवारात, मागच्या बाजूला, एक स्वतंत्र खोली. कागदावर ती शवविच्छेदनगृह. गावात सगळे तिला 'पीएमची खोली' म्हणतात.

मोठ्या शहरात शवविच्छेदन न्यायवैद्यकशास्त्राचे तज्ज्ञ करतात. ग्रामीण भागात ते काम ड्युटीवर असलेल्या एमबीबीएस डॉक्टरकडे येतं. सकाळी बाळाची नाळ कापली, दुपारी पोलीस हवालदार पंचनाम्याचे कागद घेऊन दारात उभे, असं कित्येकदा झालं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली की शवविच्छेदन आलंच. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायचं, जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतं. कलम बदललं तरी मरणाची कारणं तीच राहिली. तानसा, भातसा, वैतरणा या मुंबईची तहान भागवणाऱ्या धरणांचा हा मुलूख. तानसाचं पाणी तर 1892 पासून मुंबईला जातंय. त्यामुळे पाण्यात बुडून मेलेले. आसनगाव, आटगाव, खर्डीच्या रुळांवर सापडलेले. मुंबई-नाशिक महामार्गावरचे अपघात. पावसाळ्यात सर्पदंश आणि वीज. आणि रानात सागाच्या फांदीला लटकलेले, ज्यांचा शोध कधी दोन दिवसांनी लागतो, कधी दोन महिन्यांनी.

या कामात शरीर कापण्याची सवय लवकर होते. वासाचीही होते. अवघड जातं ते बाहेर झाडाखाली बसलेल्या माणसांना सामोरं जाणं. कारण त्यांनी प्रेत पाहिलेलं असतं, आणि प्रेतावरच्या खुणांचा अर्थ आपापल्या परीने लावलेला असतो. पाठ काळीनिळी आहे म्हणजे मारहाण झाली. जीभ बाहेर आहे म्हणजे गळा दाबला. तोंडातून रक्त आलंय म्हणजे विष घातलं, नाहीतर करणी केली. संशय कोणावर घ्यायचा हेही तोवर ठरलेलं असतं: बांधाच्या वादातला शेजारी, नांदायला गेलेल्या मुलीच्या बाबतीत सासू, नाहीतर पाड्यावरची एखादी एकटी म्हातारी. मेलेल्या शरीरात काय काय बदल होतात हे लोकांना नीट माहीत नसल्यामुळे जिवंत माणसांचं फार नुकसान होतं, हे मी या खोलीच्या दारात उभं राहून शिकलो. म्हणून ते बदल इथे सांगतो आहे.

पहिली गोष्ट मरणाबद्दलची. घरातला माणूस अमुक वाजता गेला असं आपण सांगतो, तेव्हा एका क्षणात सगळं संपलं असं धरून चालतो. शरीर मात्र टप्प्याटप्प्याने मरतं. हृदय थांबलं की रक्ताबरोबर प्राणवायूही थांबतो. मेंदूच्या पेशी चार-सहा मिनिटांत कायमच्या बिघडू लागतात. बाकीची इंद्रियं थोडी अधिक तग धरतात. स्नायू तर पुढे काही तास जिवंत असल्यासारखे वागतात. दंडावर टिचकी मारली तर आकसतात. डोळ्याचा पारदर्शक पडदा साधारण सहा तासांच्या आत काढला तर दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, नेत्रदानाची घाई करायची ती म्हणूनच.

याच्या उलटही असतं: मेल्यासारखा दिसणारा माणूस मेलेला नसतो. आमच्या भागात मण्यार हा साप हे शिकवतो. पावसाळ्यात ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्याला चावते. सूज नाही, फारशी वेदना नाही, दातांचे व्रण शोधूनही सापडत नाहीत. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास घेणारे स्नायूच लुळे पडतात. अशी एक मुलगी एकदा झोळीतून आणली होती. हातपाय ढिले, बाहुल्या फाकलेल्या, हाक मारली तर पापणीही हलत नव्हती. आजीने आक्रोश सुरू केला होता. स्टेथोस्कोप लावला तर हृदय चालू होतं. नळी घातली, प्रतिसर्पविष सुरू केलं आणि अम्बू बॅगने हाताने श्वास देत तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. व्हेंटिलेटरवर काही दिवस काढून ती पोरगी चालत घरी आली. विषाने स्नायू बंद पडले होते, मेंदू जागा होता. कदाचित आजीचा आक्रोशही तिला ऐकू येत असेल. त्या दिवसापासून, सर्पदंशाचा संशय असेल तर कोणी 'गेली' म्हणण्याआधी छातीला कान लावा, असं मी प्रत्येक आशाताईला सांगत आलो.

मरण खरोखर आलं की पहिला बदल रक्तात होतो. पंप बंद पडला की रक्त आपल्या वजनाने खालच्या बाजूला उतरतं. माणूस उताणा असेल तर पाठीला, पालथा असेल तर तोंड-छातीला, लटकलेला असेल तर पाय आणि हाताच्या पंजांना. दोन-तीन तासांत जांभळट डाग दिसू लागतात, सहा ते बारा तासांत ते पक्के होतात. जमिनीला टेकलेला भाग, म्हणजे खांद्याची पाती आणि नितंब, दाबला गेल्यामुळे पांढरा राहतो. घरात उताण्या निजलेल्या माणसाला आंघोळीसाठी कुशीवर वळवलं की ही काळीनिळी पाठ पहिल्यांदा दिसते, आणि तिथून कुजबूज सुरू होते.

दुसरा बदल ताठरपणाचा. स्नायू सैल व्हायलाही ऊर्जा लागते. ती संपली की तंतू एकमेकांत अडकून बसतात. आधी पापण्या, मग जबडा, मग मान, हात, पाय. बारा तासांच्या आत सगळं अंग ताठ होतं. पुढे शरीर सडू लागलं की तोच ताठरपणा सुटतो. आमच्या उन्हाळ्यात एका दिवसातच उतरू लागतो. 'अंग मऊच राहिलं, म्हणजे जीव अडकला होता' असं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ताठरपणा येऊन गेलेला असतो आणि मरण समजलं त्याच्या बरंच आधी घडलेलं असतं.

तानसा नदीच्या एका डोहातून काढलेला तरुण मला आठवतो. पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन तो खेकड्यांना गेला होता. दुसऱ्या दिवशी दगडांच्या कपारीत, डोकं खाली, असा सापडला. चेहरा आणि छाती काळपट जांभळी, कपाळ आणि गुडघे खरचटलेले, वरच्या ओठाच्या आणि पापण्यांच्या कडा कुरतडलेल्या. भाऊ दारात उभा राहून एकच सांगत होता, "डॉक्टरसाहेब, तोंड बघा त्याचा. मारलाय त्याला, मग टाकलाय." बांधावरून ज्यांच्याशी वाद होता त्यांच्या घरावर जायला माणसं तयार होती. पोलीस पाटलांना ती कशीबशी थोपवून धरावी लागली होती.

मी भावाला आणि पाटलांना दारापर्यंत बोलावलं. छातीवरच्या जांभळ्या भागात छोटा छेद घेतला आणि पाण्याने धुतला. मार लागून रक्त साकळलं असेल तर ते मांसात मुरलेलं असतं, धुऊन जात नाही. इथे रक्त नळ्यांतून ओघळलं आणि खालचं मांस स्वच्छ दिसलं. मग कपाळावरची खरचटं पाहिली, वाहत्या पाण्यात दगडावर घासल्यासारखी. ओठाच्या कुरतडलेल्या कडेला रक्ताचा ठिपकाही नव्हता. मेल्यानंतर माशांनी, खेकड्यांनी खाल्लं की असंच दिसतं. नाकाशी पांढरा, बारीक, चिवट फेस होता. पुसला की पुन्हा येत होता. शेवटी त्याची उजवी मूठ. ती सोडवायला आमच्या मदतनीस काकांना जोर लावावा लागला. आत गवताच्या मुळ्या आणि चिखल होता. मरणाच्या क्षणी प्राणपणाने आवळलेली मूठ कधीकधी तशीच राहते, सैल पडून नंतर ताठ होत नाही. मेलेल्याच्या हातात कोणी गवत ठेवलं तरी ती पकड येत नाही.

भावाला मी म्हटलं, "तो पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता दादा. वर यायला धडपडत होता. तोंडावर मार नाहीये." कोणी ढकललं का, हे शरीर सांगत नव्हतं आणि तेही मी त्याला स्पष्ट सांगितलं, ते पोलिसांनी शोधायचं होतं. पण मारून टाकल्याची जी कथा उभी राहिली होती तिला आधार उरला नाही. तो बराच वेळ त्या मुठीकडे बघत राहिला. नंतर त्यानेच बाहेर जाऊन माणसांना घरी पाठवलं.

काका म्हणजे आमच्या शवविच्छेदनगृहातले मदतनीस. कवटी उघडण्यापासून टाके घालण्यापर्यंत जड काम त्यांचं. जे काम दुसरं कोणी करायला तयार नाही ते त्यांनी आयुष्यभर केलं, आणि प्रत्येक प्रेताला टाके घालून झाल्यावर चेहरा पुसून, केस सारखे करून मगच ते बाहेर दिलं. शाळा फारशी झाली नव्हती, पण पुस्तकात जे वाचून मी शिकलो ते त्यांना पाहून माहीत होतं. पोटाच्या उजव्या बाजूला खाली बोट ठेवून म्हणायचे, "हिरवं धरलंय साहेब, काल दुपारचा असल."

ते हिरवं म्हणजे सडण्याची पहिली खूण. मोठ्या आतड्याची सुरुवात तिथे, उजव्या कुशीत, पोटाच्या कातडीला लागून असते. आतड्यातले जंतू आयुष्यभर आपल्याबरोबर राहतात. अन्न पचवायला मदत करतात. आपण मेलो की त्यांना अडवणारं कोणी राहत नाही. त्यांच्यापासून निघणारा गंधकाचा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळतो आणि हिरवट रंग येतो. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत हा डाग दिसतो, थंडीत दीड-दोन दिवस लागतात. जंतू रक्तवाहिन्यांच्या वाटेने पसरतात, तेव्हा खांद्यांवर, मांड्यांवर हिरवट-काळ्या रेषांचं जाळं उमटतं, सागाच्या पानाच्या शिरांसारखं. जंतूंशिवाय शरीराचे स्वतःचे पाचकरसही कामाला लागतात. स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं, मेंदू लवकर पातळ होतो. गर्भाशय आणि पुरुषांमधली प्रोस्टेट ग्रंथी सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतात. कुजलेल्या प्रेताचं लिंग त्यावरून ओळखता येतं.

दोन-तीन दिवसांत वायूंनी शरीर फुगतं. चेहरा ओळखू येत नाही, डोळे बाहेर येतात, जीभ दातांत अडकून बाहेर निघते, अंगावर पाण्याचे फोड येतात, कातडी हाताला लागून सुटते. छाती-पोटातल्या दाबाने नाकातोंडातून लालसर पाणी येतं. बुडालेलं प्रेत वर तरंगतं तेही याच वायूंमुळे. गरोदर बाईचं शरीर असेल तर दाबाने कधीकधी गर्भ बाहेर ढकलला जातो. हे एकदा पाहिलेलं गाव पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाही. ती बाई जिवंतच पुरली होती, ती हडळ झाली, अशा गोष्टी त्यातूनच रुजतात. चितेवर प्रेत उठून बसल्यासारखं होतं, हात मुठी वळून वर येतात, तेही आगीने स्नायू आखडल्यामुळे. मेल्यावर नखं-केस वाढलेले दिसतात, कारण भोवतीची कातडी सुकून मागे सरते. यातल्या एकाही खुणेत मेलेल्याची इच्छा नाही, जिवंताचा गुन्हाही नाही.

माश्या तर ताठरपणाच्याही आधी येतात. उघड्यावर दिवसा मरण आलं तर काही मिनिटांत निळ्या-हिरव्या माश्या नाक, डोळे, जखमा शोधून अंडी घालतात. आमच्या हवेत साधारण एका दिवसात अळ्या निघतात, पुढे चार-पाच दिवसांत पोसून त्या मातीत शिरतात आणि कोष करतात. अळी केवढी झाली, रिकामे कोष सापडले का, यावरून मरणाचा काळ मागे मोजता येतो. रानात सापडलेल्या प्रेताजवळची थोडी मातीही पोलिसांनी आणावी असा माझा आग्रह असे, तो यासाठी. अळ्या दिसल्या की लोक तोंड फिरवतात. मला हळूहळू त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला. माणूस केव्हा गेला याची तारीख कितीदा फक्त त्यांच्याचकडे असते.

जंगलात हे काम आणखी कितीतरी जण करतात: मुंग्या, घोरपडी, रानडुकरं, तरस. गिधाडं मात्र राहिली नाहीत. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे ती देशभर मेली. 2006 मध्ये त्याच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली, पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरात एकही धड उरलं नव्हतं. तानसा अभयारण्याच्या कडेला खाल्लेलं प्रेत सापडलं की पहिला संशय बिबट्यावर जातो. तेव्हा एकच गोष्ट बारकाईने पाहायची असते. जिवंतपणी चावलेल्या जागी रक्त मांसात मुरतं, कडा सुजतात. मेल्यावर खाल्लेल्या जागी कडा फिक्या आणि कोरड्या राहतात. बिबट्याने मारलं असेल तर वन विभागाने कुटुंबाला भरपाई द्यायला हवी. मारलं नसेल तर पिंजरा लावून निरपराध जनावर धरायचं कारण नाही. त्या कडांकडे नीट बघणारा डॉक्टर दोघांचंही काम करत असतो.

सर्पदंशातही असंच. शेतकरी अपघाताच्या सानुग्रह योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात, पण अहवालात कारण लिहिलेलं लागतं. मण्यार चावलेल्याच्या शरीरात उघड्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. अशा वेळी व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून तपासणीला पाठवतोच, पण घरच्यांना शेजारी बसवून विचारतोही: जमिनीवर झोपला होता का, पहाटे पोटात दुखत होतं का, पापण्या मिटत होत्या का. ती उत्तरं अहवालात लिहिली तर त्या घराचा हक्क उभा राहतो.

हे सगळं आमच्या पुस्तकांत आहे. जयसिंग मोदींचं न्यायवैद्यकावरचं पुस्तक 1920 मध्ये निघालं, तेव्हापासून भारतातले डॉक्टर त्यावर परीक्षा देत आलेत. पण ते ज्ञान न्यायालयासाठी लिहायला आम्हाला शिकवतात, दारात बसलेल्या बापाला सांगायला कोणी शिकवत नाही. अहवाल इंग्रजीत, तोही पोलिसांच्या हातात. व्हिसेराचं उत्तर यायला महिने जातात. तोवर गावाने आपला निकाल दिलेला असतो. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 मध्ये आला, तरी मार्च 2024 मध्ये याच मुरबाड तालुक्यात एका वृद्धाला जादूटोण्याच्या संशयावरून पेटत्या निखाऱ्यांवर नाचायला लावलं गेलं. कायदा गुन्हा घडल्यावर येतो. संशय मात्र कितीदा प्रेताच्या अंगावरच्या एखाद्या डागापासून सुरू होतो, आणि तिथेच तो विझवता येतो.

2021 च्या नोव्हेंबरपासून, सोयी असतील तिथे सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला केंद्र सरकारने परवानगी दिली आहे. घातपाताचा संशय असलेली, कुजलेली अशी प्रकरणं सहसा त्यातून वगळली आहेत. तरी पूर्वी रात्रभर प्रेत बर्फाच्या लादीवर ठेवून बसणाऱ्या अनेकांचा त्रास वाचला. त्याच आदेशासारखा आणखी एक आदेश निघावा असं मला मनापासून वाटतं: शवविच्छेदन झाल्यावर डॉक्टरने नातेवाइकांशी त्यांच्या बोलीत बोललंच पाहिजे. शरीरावर काय दिसलं, त्यातलं मेल्यानंतर आपोआप झालेलं काय, आणि ज्याचं उत्तर अजून मिळायचं आहे ते काय. ज्या गोष्टी तपासात उघड करता येत नाहीत त्या सोडून एवढं सांगायला दहा मिनिटं पुरतात.

लोकांनीही थोडं करावं. माणूस शेवटचा जिवंत कोणाला, केव्हा दिसला ते लक्षात ठेवावं. प्रेत सापडलं तर पोलीस येईपर्यंत हलवू नये, धुऊ नये, कपडे बदलू नयेत. हलवावंच लागलं तर आधी फोटो काढावा. एखादा डाग खटकला तर तो डॉक्टरला दाखवून विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाचं नाव घेऊ नये. खरोखर मारहाण झाली असेल तर तीही छेद घेतल्यावर लपत नाही. मांसात मुरलेलं रक्त धुऊन जात नाही, आणि तसं दिसलं तेव्हा ते लिहायला मी कधी कचरलो नाही. म्हणूनच जे मार नव्हतं ते मार नव्हतं, एवढं माझ्या तोंडून ऐकल्यावर गावाने विश्वास ठेवला. सरकारी डॉक्टरला गावात याहून मोठी कमाई नसते, आणि नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने पहिल्या शवविच्छेदनापासून ती जोडायला लागावं.